जुन्या सरकारी कुलपांना नवी चावी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेत सैन्याच्या आणि सरकारी खात्यांच्या वापरातून निघालेले सामान लिलावात विकले जाते. केंद्र सरकारचे सामान ‘जीएसए ऑक्शन्स’ या लिलावाच्या संकेतस्थळावर येते, शहरांचे आणि काउंट्यांचे ‘गव्हडील्स’सारख्या ठिकाणी येते, आणि त्यातला बराचसा माल पुढे आर्मी सरप्लस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुकानांत आणि आठवडी बाजारांत पोहोचतो. या मालात कुलपांची पेटी हमखास असते. कुलपे चांगल्या धातूची आणि घट्ट बांधणीची असतात आणि त्यांची किंमत नव्या कुलपाच्या मानाने किरकोळ असते. अडचण एवढीच, की चाव्या एक तर हरवलेल्या असतात, किंवा प्रत्येक कुलपाची चावी निराळी असते, किंवा त्याच चावीच्या किती प्रती कोणाकोणाकडे राहिल्या आहेत याचा पत्ता नसतो. कुलूप तेच ठेवून आतल्या पिना, म्हणजे चावीच्या खाचांवर टेकणारे बारीक धातूचे तुकडे, बदलायच्या आणि त्याला नवी चावी लावायची, हा या तिन्ही अडचणींवरचा उपाय आहे. हे काम घरी, जेवणाच्या टेबलावर करता येते. त्याला ताकद लागत नाही, पण मोजमाप काटेकोर लागते.

या लेखात अमेरिकन लॉक कंपनीचे ५२०० मालिकेतले कुलूप डोळ्यांसमोर ठेवले आहे. इलिनॉय राज्यातल्या क्रीट या गावाशी जोडलेली ही जुनी कंपनी २००३ मध्ये मास्टर लॉककडे गेली. तिची घन पोलादी, अंगावर ‘यूएस’ अशी अक्षरे ठोकलेली कुलपे सरकारी मालात भरपूर सापडतात. नवशिक्याने याच कुलपापासून सुरुवात करावी असे माझे मत आहे, कारण त्याचा सिलिंडर, म्हणजे चावी जिथे घालतात तो पिनांचा आतला भाग, एका स्क्रूवर बाहेर येतो आणि काही कापावे, ठोकावे किंवा वितळवावे लागत नाही. एकावर एक पत्रे रचून रिव्हेटने जखडलेले मास्टरचे साधे कुलूप याच पेट्यांत दिसते, पण त्याचे रिव्हेट काढल्याशिवाय आत जाता येत नाही, म्हणून पहिल्या प्रयोगासाठी ते बाजूला ठेवावे. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळणारी अलिगढची लिव्हरची कुलपे ही तर वेगळीच जात आहे. त्यांत पिना नसून एकमेकींवर रचलेल्या पट्ट्या असतात, आणि पुढे सांगितलेली रीत त्यांना लागू पडत नाही. भारतातल्या वाचकांनी सिलिंडर सुटा होणारे पिनांचे कुलूप हाती आल्यावरच हा लेख समोर ठेवून कामाला बसावे.

विकत घेताना

पहिले कुलूप उघडलेले आणि चावीसह घ्यावे. बंद आणि बिनचावीचे कुलूप कमी किमतीत मिळते, परंतु आतला स्क्रू कडी (कुलपाचा वरचा वाकडा दांडा) उघडल्यावरच दिसतो, त्यामुळे स्वस्तातले ते कुलूप आधी कोणाकडून तरी उघडून घ्यावे लागते आणि वाचवलेले पैसे तिथे जातात. शक्य असेल तर एकाच मालिकेतली तीन कुलपे एकदम घ्यावीत. तीन कुलपांत मिळून चावीला टेकणाऱ्या पंधरा मूळ पिना हाती येतात, आणि कारखान्यात बनलेल्या त्या पिना बाजारातल्या सुट्या पिनांपेक्षा त्या सिलिंडरला अधिक नेमक्या बसतात. खरेदीच्या वेळी कडी ओढून आणि दाबून पाहावी, चावीच्या तोंडाशी कोणी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटल्याच्या खुणा आहेत का ते पाहावे, आणि कडीच्या भोकात डोकावून आतला स्क्रू शाबूत आहे याची खात्री करावी. त्या स्क्रूचे डोके गंजून किंवा घसरून गोल झाले असेल, तर ते कुलूप सुट्या भागांसाठी म्हणूनच घ्यावे.

लिलावातल्या यादीत ५३४० पासून सुरू होणारा क्रमांक दिसला, तर तो अमेरिकी सरकारच्या साठा-वर्गीकरणातला, कुलपे ज्यात मोडतात त्या गटाचा क्रमांक आहे. त्यावरून फक्त प्रकार कळतो. कुलूप किती मजबूत आहे हे कळत नाही. याच गटात दारूगोळ्याच्या कोठारांसाठी बनवलेली भारी कुलपेही येतात, आणि त्यांची आतली रचना नवशिक्याच्या हातात देण्याजोगी नाही.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. जे कुलूप आपल्या मालकीचे आहे आणि कोणत्याही दारावर लागलेले नाही, तेच उघडावे. शेजाऱ्याच्या गॅरेजचे, सोसायटीच्या फाटकाचे किंवा भाड्याच्या गोदामाचे कुलूप, त्यांनी स्वतः सांगितले तरी, शिकाऊ माणसाने खोलू नये. ते कुलूप चुकीचे जुळले तर दार बंद राहते आणि बोल आपल्याला लागतो.

आत काय असते

अमेरिकी कुलूपकार लायनस येल धाकटे यांनी १८६१ आणि १८६५ साली पेटंट घेतलेली सपाट चावीची रचना थोड्याफार फरकाने अजूनही चालू आहे. सिलिंडरच्या मधोमध फिरणारा पितळी प्लग असतो. प्लगला वरून पाच भोके असतात आणि सिलिंडरच्या कवचातही तितकीच भोके त्यांच्या समोर येतात. प्रत्येक भोकात खाली चावीला टेकणारी पीन, तिच्यावर दुसरी पीन आणि त्यावर स्प्रिंग असते. खालच्या पिनेला या लेखात चावीपीन आणि वरच्या पिनेला वरची पीन म्हटले आहे. योग्य चावी आत गेली, की पाचही चावीपिनांची वरची टोके प्लगच्या पृष्ठभागाशी बरोबर येतात आणि प्लग फिरतो. एखादी पीन केसभर वर राहिली, तरी प्लग अडतो.

यातून निघणारी गोष्ट साधी आहे. चावीवरची खाच जितकी खोल, तितकी तिच्यावरची चावीपीन लांब लागते. कुलूप नव्या चावीला जुळवणे म्हणजे या पाच लांब्या बदलणे. वरच्या पिनांना सहसा हात लावावा लागत नाही. अमेरिकन लॉकच्या कुलपांत मात्र वरच्या पिनांपैकी काहींना मधे कंबर असते आणि पिनांच्या अंगावर बारीक कंगोरे असतात. उचकटणाऱ्याला फसवण्यासाठी ते मुद्दाम ठेवलेले असतात. ते कंगोरे खराबी समजून कोणी घासून काढू नयेत. या वरच्या पिना ज्या भोकातून निघाल्या, त्याच भोकात परत जाव्यात.

आधी चावी, मग पिना

नवशिक्या माणूस बहुधा उलट्या क्रमाने काम करतो. हाताशी असलेली एखादी जुनी, झिजलेली चावी तो घेतो, तिच्या खाचा मोजतो आणि त्यांना पिना जुळवत बसतो. कुलूप त्या दिवशी उघडते. पुढे नव्या चावीची प्रत काढायला गेल्यावर दुकानातले यंत्र तीच झीज नव्या चावीत उतरवते, त्यात स्वतःची थोडी चूक मिसळते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीनंतर कुलूप हिसके मागू लागते. यापेक्षाही वाईट सवय म्हणजे पिना बसल्या नाहीत म्हणून त्यांची किंवा प्लगची वरची बाजू कानशीने घासणे. प्लगचा पृष्ठभाग एकदा घासला, की तो सिलिंडर कोणत्याच चावीने नीट बंद होत नाही.

म्हणून पहिले काम कोऱ्या चावीवर ठरलेल्या खोलीच्या खाचा पाडून घेणे हे आहे. अमेरिकन लॉकच्या या कुलपांत खाचेच्या खोलीच्या आठ पायऱ्या ठरलेल्या आहेत, १ ही सर्वांत उथळ आणि ८ ही सर्वांत खोल, आणि दोन लगतच्या पायऱ्यांतला फरक इंचाच्या चौसष्टाव्या भागाएवढा, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर आहे. चावीचे आकडे तिच्या डोक्याकडून टोकाकडे वाचतात. आपण निवडलेले पाच आकडे चावीवाल्याला सांगितले, तर ज्याच्याकडे आकड्यांवरून खाचा पाडणारे यंत्र आहे, तो तशी चावी काढून देतो. भारतात रस्त्याकडेला कानशीने चावी घडवणारे कारागीर कमालीचे हुशार असतात, तरी या कामासाठी आकड्यांवर चालणारे यंत्रच हवे, कारण इथे नमुन्याबरहुकूम प्रत नको असून ठरलेली खोली हवी आहे.

आकडे निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पाचही आकडे सारखे किंवा ओळीने चढते ठेवू नयेत, कारण अशी चावी अंदाजाने बनवणे सोपे जाते. उथळ खाचेशेजारी एकदम खोल खाच घेऊ नये. दोहोंमधला उतार इतका तीव्र होतो की पीन तिथे अडकते आणि चावी आत जात नाही किंवा बाहेर येत नाही. तिसरी गोष्ट खिशाची आहे. तीन कुलपांतून निघालेल्या पंधरा पिनांत कोणकोणत्या लांब्या आहेत हे आधी पाहून, त्यांतूनच जुळतील असे पाच आकडे निवडले, तर पिनांचा संच विकत घ्यावाच लागत नाही. नवा संच घ्यायचाच असेल, तर इंचाच्या ०.००३ आणि ०.००५ अशा दोन टप्प्यांचे संच मिळतात. त्यांपैकी ०.००३ चा घ्यावा. महाग पडतो, पण नेमकी लांबी त्यात लवकर सापडते. पिनेचा व्यास इंचाच्या ०.११५ म्हणजे सुमारे २.९ मिलिमीटर असल्याची खात्री करून घ्यावी.

कुलूप खोलणे

टेबलावर पांढरा पंचा अंथरावा, म्हणजे पितळी पीन पडली तर दिसते आणि घरंगळत नाही. एक साधा व्हर्नियर कॅलिपर, टोकदार चिमटा, बसता स्क्रूड्रायव्हर आणि प्लगच्या जाडीची एक गोल दांडी, एवढ्यावर काम भागते. दांडी लाकडी चालते, पण ती प्लगपेक्षा बारीक असेल तर पिना कडेने निसटतात, म्हणून कॅलिपरने मोजूनच निवडावी आणि तिचे टोक सपाट घासून घ्यावे. पिना ठेवायला स्वयंपाकघरातला मिसळणाचा जुना डबा उत्तम. त्यातल्या पाच वाट्या पाच भोकांच्या, सहावी स्प्रिंगांची आणि सातवी स्क्रू व क्लिपची. हा डबा नंतर पुन्हा मसाल्यांकडे नेऊ नये, कारण जुन्या पितळेच्या चुऱ्यात शिसे असू शकते.

चावीने कुलूप उघडून कडी एका बाजूला फिरवावी. कडीचे जे टोक बाहेर येते, त्याच्या रिकाम्या भोकात उजेड टाकला, की तळाशी स्क्रू दिसतो. जुन्या मालात हा स्क्रू हमखास गंजलेला असतो, तेव्हा आत गंज सैल करणाऱ्या तेलाचे थेंब टाकून रात्रभर थांबावे आणि मगच जोर लावावा. स्क्रू सुटला, की कुलपाच्या तळाकडून सिलिंडरला अडवून धरणारा छोटा धातूचा तुकडा मोकळा होतो आणि त्यापाठोपाठ सिलिंडर चावीसकट खाली सरकतो. काही सरकारी कुलपांत कडी उघडी असताना चावी बाहेर निघत नाही. ती खराबी नसून तशीच रचना आहे, आणि सिलिंडर बाहेर आल्यावर चावी मोकळी होते. सिलिंडरच्या मागे, कुलपाच्या आत, कडीला अडवणाऱ्या गोळ्या आणि त्यांना ढकलणारा फिरता तुकडा असतो. तो कोणत्या दिशेला तोंड करून बसला आहे याचे छायाचित्र घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये.

सिलिंडरच्या मागच्या टोकाला प्लग धरून ठेवणारी क्लिप असते. ती काढताना सिलिंडर आणि हात दोन्ही पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावेत, नाही तर क्लिप उडून कपाटाखाली जाते आणि तिचा शोध घेण्यात दुपार सरते. क्लिप निघाल्यावर चावी आत असतानाच प्लग थोडासा, पाव वळणाहून कमी, फिरवावा. असे केल्याने वरच्या पिना प्लगच्या गुळगुळीत अंगावर टेकून राहतात. प्लग सरळ ओढला, तर प्लगचे एक भोक शेजारच्या पिनेखालून जाते आणि ती पीन आत पडून सगळे जाम होते. आता दांडी मागच्या बाजूने प्लगला टेकवून, दोहोंत फट न ठेवता, प्लगला पुढे ढकलत बाहेर काढावे. दांडी कवचात तशीच राहू द्यावी, म्हणजे वरच्या पिना आणि स्प्रिंगा आपापल्या जागी दबून राहतात.

प्लग चावीसकट हातात आला, की त्यातल्या चावीपिना एकेक करून चिमट्याने काढाव्यात आणि डोक्याकडून मोजत आपापल्या वाटीत टाकाव्यात. प्लग उलटा करून सगळ्या पिना एकदम ओतण्याचा मोह टाळावा.

मोजमाप

इथे वेळ घालवावा. प्रत्येक चावीपिनेची लांबी टोकापासून सपाट माथ्यापर्यंत, आणि जुन्या चावीवरच्या तिच्या खाचेपाशी चावीची उंची, म्हणजे चावीच्या खालच्या कडेपासून खाचेच्या तळापर्यंतचे अंतर, अशा दोन नोंदी पाचही भोकांसाठी कागदावर कराव्यात. कॅलिपरचे जबडे खाचेच्या तळाशीच टेकले आहेत याकडे लक्ष द्यावे, उतारावर टेकले तर आकडा मोठा येतो. प्रत्येक माप पुन्हा घ्यावे आणि दोन्ही वेळा जुळले तरच लिहावे.

नवी पीन काढण्याचा हिशेब वजाबाकी-बेरजेचा आहे. जुन्या चावीची त्या खाचेपाशी असलेली उंची वजा नव्या चावीची तिथली उंची, जितकी येईल तितकी जुन्या पिनेत मिळवावी. समजा जुनी उंची ६.०२ मिलिमीटर आहे, नवी खाच दोन पायऱ्या अधिक खोल असल्याने ५.२३ आहे, आणि जुनी पीन ४.५० आहे. फरक ०.७९, म्हणजे नवी पीन ५.२९ मिलिमीटरची हवी. नवी खाच उथळ असेल तर फरक उणे येतो आणि पीन तितकी आखूड होते. या रीतीचा फायदा असा, की कारखान्याच्या तक्त्याशिवाय ती चालते. जुनी चावी झिजलेली असेल, तर तिची मोजलेली उंची आठ ठरलेल्या पायऱ्यांपैकी कोणत्याच पायरीशी नेमकी जुळत नाही. अशा वेळी मोजलेल्या उंचीऐवजी सर्वांत जवळच्या ठरलेल्या पायरीची उंची हिशेबात धरावी.

नव्या पिना आणि जुळणी

त्याआधी साफसफाई. प्लग आणि कवच रॉकेलमध्ये बुडवून मऊ पितळी ब्रशने घासावेत आणि पूर्ण कोरडे करावेत. कवच धुवायचे असेल तर दांडी सावकाश मागे सरकवत एकेका भोकातली वरची पीन आणि स्प्रिंग काढून, त्या त्या वाटीत ठेवून, परत बसवताना त्याच क्रमाने उलटे यावे. गंज काढण्यासाठी व्हिनेगरचा उपाय पुष्कळ जण सांगतात. पोलादी कडीला तो चालतो, पण पितळी भाग त्यात ठेवले तर त्यांतले जस्त निघून जाते आणि पितळ तांब्यासारखे गुलाबी दिसू लागते. सैन्याच्या जुन्या सामानावर कॅडमियमचा मुलामा पुष्कळदा असे, म्हणून अंगावरचा पिवळसर किंवा करडा मुलामा सँडपेपरने कोरडा घासू नये; त्याची धूळ विषारी असते.

नवी चावी प्लगमध्ये पूर्ण आत घालून एकेका भोकात ठरलेली पीन टाकावी. पाचही पिना टाकल्यावर प्लग उजेडाकडे आडवा धरून पाहावा आणि नख अलगद वरून फिरवावे. माथे प्लगच्या पृष्ठभागाशी एकसारखे लागले पाहिजेत. नखाला अडणारी पीन एका टप्प्याने आखूड घ्यावी. किंचित खाली राहिलेली पीन चालून जाते, पण ती फार खाली असली तर वरची पीन प्लगच्या भोकात उतरून त्याला अडवते, त्यामुळे चालते म्हणून सोडून देऊ नये. पीन जुळत नसेल तर दुसरी शोधावी. कानशीकडे हात जाऊ देऊ नये.

पिना जुळल्या, की चावीसह प्लग पूर्वीसारखाच थोडा फिरवून, दांडीला टेकवून, तिला मागे ढकलत कवचात सारावा. प्लग पूर्ण बसल्यावर आणि दांडी बाहेर पडल्यावर तो सरळ करावा.  क्लिप बसवण्यापूर्वी चावी काढायचीच नाही. क्लिपशिवाय चावी ओढली, तर प्लगही तिच्याबरोबर बाहेर येतो आणि स्प्रिंगा चहूकडे उडतात. क्लिप बसली, की सिलिंडर हातातच ठेवून चावी पुनःपुन्हा घालून-काढून आणि दोन्हीकडे फिरवून पाहावी. चावी आत जातानाच अडत असेल, तर एखाद्या भोकात लांब चावीपीन आणि लांब वरची पीन एकावर एक आल्या आहेत आणि स्प्रिंगेला दबायला जागा उरलेली नाही. त्या एका भोकात वरची पीन आखूड घ्यावी. चावी आत जाते पण प्लग फिरत नाही, अशा वेळी मापे पुन्हा तपासावीत. जुनी चावीही घालून पाहावी. तिने प्लग फिरता कामा नये.

वंगणाबाबत मतभेद आहेत. माझे मत कोरड्या टेफ्लॉन वंगणाच्या बाजूचे आहे. ग्रॅफाइटची पूडही चांगली, परंतु आधी तेल घातलेल्या सिलिंडरात ती टाकली तर दोहोंचा काळा चिखल होतो आणि पावसाळ्यात किंवा थंडीत पिना त्यात रुततात. कोणतेही एकच वंगण निवडावे आणि त्यालाच धरून राहावे. कडीच्या गोळ्यांना मात्र बोटाच्या टोकावर मावेल इतके पातळ ग्रीस पुरते.

शेवटी फिरता तुकडा छायाचित्रात दिसतो तसा ठेवून सिलिंडर खालून सरकवावा, अडवणारा तुकडा बसवावा आणि कडीच्या भोकातून स्क्रू आवळावा. स्क्रू आवळल्यावर चावी जड फिरू लागली, तर सिलिंडर तिरका बसला आहे. स्क्रू सैल करून तो हलवून पुन्हा बसवावा. कडी बंद करण्यापूर्वी चावीने आतल्या गोळ्या आत-बाहेर होतात का, ते बोटाने चाचपावे. पहिल्यांदा कडी बंद करताना चावी कुलपातच ठेवावी.

एका कुलपाचा हिशेब कागदावर तयार असेल, तर उरलेली दोन कुलपे त्याच चावीला जुळवायला फार वेळ लागत नाही, आणि गच्ची, कोठार व सायकल यांना मिळून एकच चावी वापरता येते. त्या चावीचे पाच आकडे वहीत लिहून वही घरातच ठेवावी. जोडीला चावीचे छायाचित्र मात्र कुठेही टाकू नये. स्वच्छ छायाचित्रावरून खाचांची खोली मोजता येते आणि त्यावरून चावी काढता येते. काढलेल्या जुन्या पिना लांबी लिहिलेल्या छोट्या पुड्यांत बांधून ठेवाव्यात, कारण पुढच्या कुलपाला त्यांतलीच एखादी लागते.